मंचावरचे गॉस्पेल नाटक घरी पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटा शहरात राहत असताना शेजारच्या एका कृष्णवर्णीय आजींनी माझ्या हातात पहिली डीव्हीडी ठेवली, आणि तेव्हापासून मी ही नाटके पाहत आले आहे. मराठी नातेवाइकांना आणि स्नेह्यांना ती दाखवताना काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

गॉस्पेल नाटक म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजात वाढलेले हे विनोदी संगीत नाटक आहे. ‘गॉस्पेल’ या शब्दाचा अर्थ शुभवर्तमान, आणि मराठी ख्रिस्ती समाजात हाच शब्द रूढ आहे. नाटकाचा संसार बहुधा एका घरातला असतो. त्या घरात दोन-तीन पिढ्यांची माणसे नांदतात. कुणाला व्यसन लागलेले असते, कुणाचा नवरा हात उगारणारा असतो, कुठे मुलगी आईशी वर्षानुवर्षे अबोला धरून बसलेली असते, आणि या सगळ्यांच्या मधोमध एखादे तोंडाळ, खोडकर, पण मनाने निर्मळ पात्र वावरत असते. पूर्वार्धात हशा पिकतो. उत्तरार्धात घराची दडवलेली जखम उघडी पडते आणि कुणीतरी आपली चूक कबूल करते, किंवा जिने सोसले ती क्षमा करायला तयार होते. हे वळण जवळजवळ नेहमीच गाण्यातून येते. कृष्णवर्णीय चर्चमध्ये उपासनेच्या वेळी एखादी व्यक्ती उठून देवाने आपल्याला कसे तारले हे सर्वांसमोर सांगते, त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. गॉस्पेल नाटकाचा कळस म्हणजे रंगमंचावर दिलेली अशीच एक साक्ष असते.

यातले संगीत कोठून आले?

आधुनिक गॉस्पेल संगीताचे जनक म्हणून थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांचे नाव घेतले जाते. ते आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचे लौकिक सुखदुःखाचे संगीत, वाजवत असत आणि मा रेनी या विख्यात गायिकेला पियानोची साथ करत असत. १९३२ मध्ये बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ नवजात बाळ गेल्यावर त्यांनी जे प्रार्थनागीत रचले, ते आजही अंत्यविधीच्या वेळी गायले जाते. शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी गायकवृंद घडवला आणि ब्लूजची लय व स्वरांची लवचीकता चर्चच्या गाण्यात आणली. सुरुवातीला अनेक धर्मगुरूंना हे संगीत फार ऐहिक वाटले होते.

हॅमंड ऑर्गन, पियानो, ढोल आणि बास गिटार ही या नाटकांची नेहमीची वाद्ये. गाण्याच्या शेवटी एकच ओळ पुन्हापुन्हा येते, प्रत्येक फेरीत स्वर चढत जातो, मुख्य गायिका त्या ओळीभोवती तानांसारखी वळणे घेते आणि मागचा वृंद तिला झील धरतो. ज्यांनी भजनात टाळकऱ्यांना पालुपद उचलताना ऐकले आहे, त्यांच्या कानाला ही रीत ओळखीची वाटते.

‘चिटलिन सर्किट’ हा शब्द वारंवार का येतो?

वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना गोऱ्यांच्या नाट्यगृहांत प्रवेश नव्हता, आणि मिळालाच तर अपमानास्पद अटींवर मिळत असे. त्यामुळे अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागांत, तसेच शिकागोसारख्या शहरांत, कृष्णवर्णीय प्रेक्षकांची नाट्यगृहे, नाचघरे आणि क्लब यांची एक साखळी तयार झाली. तिलाच ‘चिटलिन सर्किट’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील अपोलो, वॉशिंग्टनमधील हॉवर्ड, बाल्टिमोरमधील रॉयल आणि शिकागोमधील रीगल ही त्या साखळीतली मानाची ठिकाणे होती. ‘चिटलिन’ म्हणजे डुकराची आतडी. गुलामगिरीच्या काळात मालकाने टाकून दिलेल्या भागांतून कृष्णवर्णीयांच्या चुलीवर जे पदार्थ उभे राहिले, त्यांपैकी हा एक. आपल्याकडे वजडीचे जे स्थान आहे, ते आठवले तर या नावामागचा अभिमान आणि त्यातली सल या दोन्हींचा अंदाज येतो.

कायदे बदलले तरी हा दौऱ्याचा मार्ग संपला नाही. पुढे ‘अर्बन थिएटर’ असे नाव मिळालेली नाटके त्याच मार्गाने शहराशहरांतून फिरू लागली. १९९७ मध्ये हेन्री लुई गेट्स या नामवंत अभ्यासकांनी ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात या नाटकांवर मोठा लेख लिहिला, तेव्हा कुठे ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित व्यावसायिक रंगभूमीच्या, वर्तुळातील अनेकांना कळले की आपल्या पाठीमागे एवढे मोठे रंगविश्व भरभरून चालले आहे.

हा प्रकार टायलर पेरी यांनीच सुरू केला का?

नाही. टायलर पेरी हे या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध नाटककार आणि नट, त्यामुळे हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी ख्रिस्तजन्माची कथा गॉस्पेल गायनातून मांडणारे ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ हे नाटक लिहिले आणि डिसेंबर १९६१ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आले. त्याच्या दिग्दर्शिका विनेट कॅरोल यांनी पुढे १९७६ मध्ये गॉस्पेल संगीतावर आधारलेले दुसरे नाटक ब्रॉडवेवर नेले. १९८३ मध्ये हार्लेममध्ये सुरू झालेले ‘मामा, आय वॉन्ट टू सिंग’ हे चर्चमधून पुढे येऊन लोकप्रिय गायिका झालेल्या मुलीचे नाटक अनेक वर्षे चालले. त्याच वर्षी ‘द गॉस्पेल ॲट कोलोनस’ने ग्रीक शोकांतिका थेट पेंटेकोस्टल चर्चच्या उपासनेत आणून बसवली. त्यात मॉर्गन फ्रीमन होते, आणि त्याचे चित्रमुद्रण अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवले गेले.

हे झाले गंभीर घराणे. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये शेली गॅरेट यांच्या ‘ब्यूटी शॉप’ने विनोदी, बोलभांड, घरगुती नाटकाचा दौऱ्यावरचा बाज घट्ट केला. पेरी या दोन्ही घराण्यांचे वारसदार आहेत. त्यांनी नवे काय केले, ते पुढच्या उत्तरात पाहू.

मग टायलर पेरी यांचे वेगळेपण कशात आहे?

पेरी यांचा जन्म १९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडिलांच्या मारझोडीत गेलेल्या बालपणाविषयी ते जाहीरपणे बोललेले आहेत. मनातले लिहून काढल्याने भार हलका होतो, असे ऑप्रा विन्फ्री यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ऐकून त्यांनी स्वतःला पत्रे लिहायला सुरुवात केली, आणि त्या पत्रांतून ‘आय नो आय हॅव बीन चेंज्ड’ हे त्यांचे पहिले नाटक आकाराला आले. १९९२ मध्ये साठवलेले १२,००० डॉलर घालून त्यांनी ते अटलांटात उभे केले. प्रेक्षक फिरकले नाहीत आणि पैसे बुडाले. पुढची काही वर्षे हाताला मिळेल ते काम करत, मध्येच काही काळ मोटारीत झोपत, ते तेच नाटक पुन्हापुन्हा लिहीत आणि लावत राहिले. १९९८ मध्ये अटलांटातच ते चालले, इतके की छोट्या जागेतून ते तेथील भव्य फॉक्स थिएटरमध्ये हलवावे लागले.

यानंतरचा त्यांचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रयोगांची चित्रमुद्रणे करून ती त्यांनी स्वतःच विकली, आधी व्हीएचएस फितींवर आणि मग डीव्हीडीवर. नाटकाची जाहिरात चर्चमधून आणि कृष्णवर्णीय समाजाच्या रेडिओ केंद्रांवरून होत असे, चर्चच्या मंडळ्या बसगाड्या भरून प्रयोगाला येत असत, आणि परत जाताना ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी फीत घेऊन जात असत. आजारी आत्या, तुरुंगातल्या मुलामुळे घराबाहेर न पडणारी आई, दोन पाळ्यांत काम करणारी परिचारिका अशा घरांपर्यंत नाटक गेले ते फितींमुळे. ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने २००५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तोवर त्यांच्या नाटकांची तिकीटविक्री १० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती आणि चित्रमुद्रणांची विक्री ३ कोटी डॉलर झाली होती. त्या वर्षी त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा हॉलीवूडमधील अनेकांनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते. प्रेक्षक मात्र आधीच घरोघरी तयार बसला होता, आणि सुमारे ५५ लाख डॉलरमध्ये झालेल्या त्या चित्रपटाने ५ कोटींहून अधिक कमाई केली.

मडीया कोण आहे? पुरुषाने म्हाताऱ्या बाईचे सोंग का घ्यावे?

‘मडीया’ हे ‘मदर डिअर’चे बोलीतले रूप आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय घरांत आजीला किंवा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला अशी हाक मारतात. पात्राचे पूर्ण नाव मेबल अर्लीन सिमन्स. १९९९ मध्ये ‘आय कॅन डू बॅड ऑल बाय मायसेल्फ’ या नाटकात ती प्रथम अवतरली. सहा फुटांहून उंच पेरी फुलाफुलांचा सैल झगा, पांढऱ्या केसांचा टोप आणि चष्मा घालून ही भूमिका स्वतः करतात. मडीयाच्या पर्समध्ये पिस्तूल असते, ती चर्चमध्ये जात नाही, बायबलमधली वचने हमखास चुकीची सांगते, आणि तरी संकटात सापडलेली प्रत्येक पुतणी-भाची तिच्याच दारात येते. आपल्या आईवरून आणि मावशीवरून हे पात्र सुचल्याचे पेरी यांनी सांगितले आहे.

मराठी प्रेक्षक पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका म्हटली की बालगंधर्वांची आठवण काढतात. येथे ती तुलना लागू पडत नाही, कारण बालगंधर्वांच्या रूपात प्रेक्षकाने स्वतःला विसरावे अशी अपेक्षा असे, तर मडीयाच्या पदराखाली पुरुष आहे हे प्रेक्षकाने एक क्षणही विसरू नये अशी अपेक्षा असते. तिचे खरे नाते तमाशातल्या गौळणीतील मावशीशी आहे. घोगऱ्या आवाजाची, कमरेवर हात ठेवून कृष्णालाही चार शब्द सुनावणारी ती मावशी ज्याने पाहिली आहे, त्याला मडीया समजावून सांगावी लागत नाही. घरातली बाई जे बोलू शकत नाही ते सोंगाला बोलता येते, ही सोय दोन्हीकडे सारखीच आहे.

विनोदी नाटक म्हणता, मग शेवटी सगळे रडतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी एकनाथांच्या भारुडांची आठवण करून देते. भवानीला रोडगा वाहण्याचा नवस करणारी सून सासऱ्याचा, सासूचा, नवऱ्याचा काटा काढायला निघते, ऐकणारे पोट धरून हसतात, आणि शेवटच्या कडव्यात एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, मला एकटीलाच राहू दे, असे ती मागते तेव्हा हसता हसता गोष्ट अध्यात्मात शिरलेली असते. गॉस्पेल नाटकाचे शास्त्र याच जातीचे आहे. कुटुंबातील मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, मुलांचे व्यसन, हे विषय ज्या समाजात चर्चच्या ओसरीवरही दबक्या आवाजात बोलले जातात, तेथे हसण्याने आधी माणसाची मान आणि खांदे सैल होतात आणि मगच तो दुखऱ्या गोष्टीकडे पाहू शकतो. म्हणून मडीयाचा सर्वांत मोठा हशा आणि नाटकातले सर्वांत जड सत्य एकमेकांना लागून येतात, कधीकधी एकाच प्रवेशात.

गाणी कथानक थांबवतात. ती ओलांडून पुढे गेले तर चालेल का?

कृपया तसे करू नये. या गाण्यांत कथा पुढे सरकत नाही हे खरे आहे. पात्राने आतापर्यंत जे सोसले त्याचा निचरा तेथे होतो. शिवाय ही गाणी गाणारी माणसे हौशी नसतात. मडीयाच्या नाटकांत ‘कोरा’ची भूमिका करणाऱ्या टॅमेला मॅन आणि ‘मिस्टर ब्राऊन’ रंगवणारे त्यांचे पती डेव्हिड मॅन हे दोघेही कर्क फ्रँकलिन यांच्या गॉस्पेल वृंदातून आले, आणि टॅमेला मॅन यांना पुढे ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. आपल्या संगीत नाटकात पदाला ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर कथेने शांतपणे बाजूला उभे राहायचे असते, हा शिष्टाचार आपल्याला १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून ठाऊक आहे. तोच येथे पाळावा.

प्रेक्षकांचा आवाज इतका मोठा का? तो काढून टाकता आला नसता का?

माझ्या मते ही चित्रमुद्रणे जपून ठेवावीशी वाटतात ती मुख्यतः या आवाजामुळे. पुणे-मुंबईच्या नाट्यगृहात शांततेने प्रयोग पाहणे हा सभ्यपणा मानला जातो. कृष्णवर्णीय चर्चमध्ये उलट आहे. तेथे उपदेशकाचे वाक्य संपण्याआधी मंडळी ‘आमेन’, ‘हो, खरे आहे’, ‘सांगत राहा’ असा प्रतिसाद देतात, आणि तो मिळाला नाही तर उपदेशकाला आपले काही चुकले असे वाटते. हीच मंडळी रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी नाट्यगृहात असतात.

चित्रमुद्रणात हे नीट टिपता यावे म्हणून नटांच्या गालाजवळचे बिनतारी सूक्ष्मध्वनिक (मायक्रोफोन) वेगळे आणि प्रेक्षागृहावर रोखलेले वेगळे असतात. अनेक कॅमेरे लावून प्रयोग टिपला जातो, पण मध्ये थांबून पुन्हा करण्याची सोय सिनेमासारखी नसते. म्हणून हशा ओसरेपर्यंत नट पुढच्या वाक्यावर थांबलेले दिसतात. मडीया सहनटाला हसवण्यासाठी संहितेबाहेरचे काहीतरी बोलते, समोरचा नट तोंड फिरवून खांदे हलवत हसू लागतो, आणि प्रेक्षक त्याला सामील होतात. सिनेमाच्या संकलनमेजावर हे क्षण पहिल्यांदा कापले गेले असते. येथे ते मुद्दाम ठेवलेले असतात.

शेजारच्या आजींकडे मी पहिल्यांदा असे नाटक पाहिले ती दुपार मला स्पष्ट आठवते. त्यांनी सोफ्यावर बसण्याआधी घरातला पंखा बंद केला, कारण त्याच्या घरघरीत मागच्या बायकांचे बोलणे ऐकू येत नाही. त्यांना म्हणायचे होते ते प्रेक्षागृहातल्या मागच्या रांगेतील बायकांविषयी. नाटकात मुलीने दारुड्या नवऱ्याला घराबाहेर काढले तेव्हा चित्रातून एक बाई ‘थँक यू, जीझस’ असे ओरडली, आणि आजींनी हात वर करून तिला तेथूनच उत्तर दिले. ती डीव्हीडी त्यांनी किती वेळा पाहिली होती, कोण जाणे. ती ओरडणारी बाई त्यांच्या ओळखीची झाली होती. नाट्यगृहात त्या कधी गेल्या नव्हत्या, कारण गुडघे साथ देत नव्हते.

त्याच नावाचा चित्रपटही आहे. दोन्ही एकच का?

नाहीत, आणि विकत घेताना याच ठिकाणी सर्वाधिक घोटाळा होतो. ‘डायरी ऑफ अ मॅड ब्लॅक वुमन’, ‘मडीयाज फॅमिली रियुनियन’, ‘मडीया गोज टू जेल’ यांची आधी नाटके झाली आणि नंतर चित्रपट. ‘मडीया गोज टू जेल’च्या बाबतीत तर कथानकही बरेच वेगळे आहे. मंचीय आवृत्तीच्या वेष्टनावर ‘द प्ले’ असे शब्द सहसा छापलेले असतात. ते तपासून घ्यावेत. चित्रपटात स्थळे बदलतात, संकलन आटोपशीर असते आणि गाणी फारच थोडी उरतात. नाटकात एकच भले मोठे घर, मध्ये जिना, बाजूला स्वयंपाकघर असे नेपथ्य असते, आणि त्यातच दोन-अडीच तास जातात. संगीतासाठी आणि प्रेक्षकांच्या सहभागासाठी नाटकच पाहावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

या नाटकांवर टीका का होते?

टीका जुनी आणि घरातलीच आहे. स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांनी २००९ मध्ये पेरी यांच्या कामावर कठोर शब्दांत आक्षेप घेतला आणि त्यातील विनोद त्यांना गोऱ्यांनी पूर्वी कृष्णवर्णीयांची जी विदूषकी थट्टा मांडली तिची आठवण करून देणारा वाटला. पात्रे ठोकळेबाज आहेत, उपदेश उघडा आहे, योगायोग फार आहेत, असेही म्हटले जाते. यातला एक आक्षेप मला पूर्णपणे पटतो. या नाटकांत शिकलेली, मोठ्या पगाराची, स्वतःच्या मर्जीने जगणारी स्त्री बहुधा गर्विष्ठ दाखवली जाते आणि तिला नमते घ्यायला लावले जाते. ते पाहताना मला दरवेळी त्रास होतो.

तरीही ठोकळेबाजपणाच्या आक्षेपाविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी असे वाटते. लोकनाट्यात पात्रे ओळखीची असतात, कारण प्रेक्षकाला पात्र शोधायचे नसून प्रसंग जगायचा असतो. तमाशातल्या सोंगाड्याकडून आपण मनोविश्लेषणाची अपेक्षा करत नाही. पेरी यांच्या प्रेक्षकांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, त्यांनी स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून तिकिटे काढली, आणि त्या घरी जाताना फीत घेऊन गेल्या. ही निवड त्यांनी डोळसपणे केली होती, हे मान्य करूनच टीका व्हावी.

मी ख्रिस्ती नाही. मला हे नाटक भिडेल का?

भिडण्यास अडचण नाही. धर्मोपदेश येतो, आणि तो स्पष्टपणे ख्रिस्ती असतो, हे आधी जाणून बसावे. परंतु त्याची मांडणी कीर्तनाच्या जवळची आहे. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो, मध्येच श्रोत्यांना कोपरखळी मारून हसवतो आणि गजर करून सर्वांना एकत्र बांधतो. महाराष्ट्रात ख्रिस्तभक्ती आणि देशी संगीत यांचा मेळ नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि ‘ख्रिस्तायन’ आरंभले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

गोमंतकीय वाचकांना तर आणखी जवळचा दुवा आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झालेल्या कोंकणी तियात्र या संगीत नाट्यप्रकारातही घरगुती कथा, नीतीचा उपदेश, ढळढळीत विनोद आणि पडद्यांच्या मध्ये गायली जाणारी कांतारां (गाणी) असतात, आणि तियात्राच्याही ध्वनिफिती आणि चित्रतबकड्या घराघरांत वाजल्या. दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे वाढले, तरी एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

इंग्रजी समजते, पण संवाद कळत नाहीत. काय करावे?

पात्रे दक्षिण भागातील कृष्णवर्णीय इंग्रजी बोलतात. ती अशुद्ध भाषा नसून स्वतःचे व्याकरण असलेली बोली आहे. पहिली २० मिनिटे कान बसत नाही, नंतर लय सापडते. उपशीर्षकांची (सबटायटल्सची) सोय असेल तर ती लावावी. मात्र एक तांत्रिक खाच आहे. अमेरिकेतील काही डीव्हीडींवर वेगळी उपशीर्षके नसतात, केवळ बहिऱ्या प्रेक्षकांसाठीचे ‘क्लोज्ड कॅप्शन’ असतात. ते चित्रसंकेतातच दडलेले असतात आणि एचडीएमआय तारेने जोडणी केल्यास बहुधा दिसत नाहीत. लाल-पांढऱ्या-पिवळ्या जुन्या तारांनी जोडले, आणि दूरचित्रवाणी संचात ते वाचण्याची सोय असली, तर ते दिसतात.

अमेरिकेतून आणलेली डीव्हीडी भारतात चालेल का?

थेट चालेलच असे नाही. डीव्हीडीवर विभागाचा क्रमांक असतो. अमेरिका विभाग १ मध्ये येते आणि भारत विभाग ५ मध्ये. त्यामुळे केवळ भारतासाठी बांधलेला प्लेअर ती तबकडी नाकारतो. दुसरे म्हणजे अमेरिकेतल्या डीव्हीडी एनटीएससी या चित्रसंकेत-पद्धतीच्या असतात आणि भारतातल्या पाल पद्धतीच्या. सर्व विभाग चालवणारा प्लेअर असेल तर बहुधा दोन्ही अडचणी एकदमच सुटतात. संगणकावर पाहणार असाल तर विभागाचे बंधन तेथेही असते आणि ते मोजक्याच वेळा बदलता येते, म्हणून सहज बटण दाबू नये. व्हीएचएस फीत असेल तर एनटीएससी वाचणारे यंत्र लागेल.

लहान मुलांसोबत पाहता येईल का?

शिवीगाळ कमी असते आणि अंगप्रदर्शन जवळजवळ नसतेच. मात्र मारहाण, अत्याचार आणि व्यसन हे विषय उघडपणे येतात. १२-१३ वर्षांवरील मुलांसोबत, आणि नंतर बोलायला वेळ ठेवून, पाहावे.

सुरुवात कोणत्या नाटकापासून करावी?

माझी शिफारस ‘मडीयाज बिग हॅपी फॅमिली’ची आहे. डिसेंबर २००९ मध्ये पेरी यांच्या आई निवर्तल्या आणि पुढच्या वर्षी हे नाटक दौऱ्यावर निघाले. घरातल्या शर्ली या आईला कर्करोग झाला आहे, ते सांगण्यासाठी तिला सगळी मुले एकत्र बसायला हवी आहेत, आणि मुले आपापल्या भांडणांत इतकी गुंतली आहेत की बसायला तयार नाहीत. एवढीच गोष्ट. मडीयाचा धुमाकूळ येथे सर्वांत मोकळा आहे, आणि तरीही प्रत्येक हशामागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत राहते.

नटांनी टाळ्या घेतल्यावर चित्रमुद्रण बंद करावे का?

बंद करू नये. या नाटकांत शेवटचे अभिवादन हा वेगळा प्रवेशच असतो. नट एकेक करून पुढे येतात, वाद्यवृंद वाजत राहतो, आणि पेरी मडीयाच्या वेशातच, पण आता स्वतःच्या आवाजात, प्रेक्षकांशी बोलू लागतात. ‘मडीयाज बिग हॅपी फॅमिली’च्या अखेरीस ते आईविषयी बोलतात तेव्हा प्रेक्षागृह शांत होते, आणि अडीच तास गजबजलेल्या त्या सभागृहाची शांतता घरच्या पडद्यावरूनही ऐकू येते. शेजारच्या आजी तेथे पोहोचल्या की रिमोट माझ्याकडे देत, डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवत, आणि पुढचा भाग केवळ ऐकत असत.